बिजागराचा दोष

सकाळी घरात सगळ्यांचं सगळं एकाच वेळी चाललेलं असतं, तसं त्या दिवशीही चाललं होतं. सून ओट्यापाशी एका हातानं चहा गाळत होती आणि दुसऱ्या हातातला मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन शाळेच्या निकालाचे आकडे तपासत होती. मुलगा एका पायात मोजा घालून दुसरा मोजा शोधत घरभर हिंडत होता. आणि काचवाले काका खिडकीपाशी उभे राहून दाढी करत होते.

दाढीचा आरसा हल्लीच भिंतीला ठोकला होता. आधी काका तो हातात धरायचे, उजेड येईल तसा फिरवायचे. काकांच्या हातून सुनेचा लॅपटॉप मोडला त्यानंतरच्या रविवारी मुलानं हातोडी घेतली आणि आरसा पक्का करून टाकला. "तुम्हालाच सोपं पडेल, बाबा," असं म्हणाला. ज्या माणसानं अख्ख्या वस्तीला आरसे विकले, त्याच्या हातातून आरसा काढून घेतला तो असा, अगदी प्रेमानं. त्यावर काय बोलणार?

दारावर थाप पडली.

"बघा हो कुणीतरी!" सून ओट्यापासून म्हणाली.

काकांनी गालावरच्या फेसासकट दार उघडलं. कुरिअरवाला होता. त्यानं पुठ्ठ्याचा चपटा खोका पुढे केला. काकांनी हात पुढे केले, तेवढ्यात मागून मुलगा एका मोज्यावर घसरत आला.

"थांबा, बाबा, मी घेतो."

काकांचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते टॉवेलला पुसले.

खोक्यात दुरुस्तीला दिलेला सुनेचा लॅपटॉप होता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो आला म्हणून सून चहा तसाच टाकून धावली. मुलानं खोका फोडला, लॅपटॉप बाहेर काढला, आणि झाकण होतं तसंच एका बाजूला लोंबकळलं. उजव्या कोपऱ्यातलं बिजागर तसंच तोंड वासून बसलेलं. पडदा काळा. वर एक चिठ्ठी चिकटवली होती. मुलानं मोठ्यानं वाचली, "ग्राहकाच्या हाताळणीमुळे नुकसान. मोफत दुरुस्तीस अपात्र."

"म्हणजे?" सुनेनं विचारलं.

"म्हणजे आपण मोडला, आपणच निस्तरायचं."

"आपण?" सून म्हणाली. ती वाईट नव्हती. त्या लॅपटॉपवर ती घरबसल्या शाळांची निकालपत्रकं करायची. लग्नानंतर मोठ्या मुश्किलीनं मिळवलेलं ते तिचं स्वतःचं काम. लॅपटॉप गेल्यापासून ती मोबाईलवर डोळे फोडत बसे. "एवढ्याशा पडद्यावर अख्ख्या शाळेचा निकाल लावायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून गादी ओवायची," असं परवाच फोनवर बहिणीला सांगत होती. काकांनी ऐकलं होतं. त्यांना ऐकू जावं म्हणून ती बोलली नव्हती, पण ऐकू जाऊ नये म्हणून आवाजही खाली आणला नव्हता.

"मी जाऊन येतो तिथं," काका म्हणाले. "मी मोडला, मी बोलतो."

"बाबा, तुम्ही आता कुठंही जाऊ नका," मुलगा म्हणाला. मग आवाज मऊ करून, "आणि हे बघा, संध्याकाळी तो मोबाईलच्या कव्हरवाला येतोय तुमचं दुकान बघायला. आज हो म्हणून टाकू. किती दिवस रेटायचं? हात म्हणजे हात आहेत. वयानं जाणारच. त्यात कमीपणा काय आहे?"

या सगळ्या गोष्टीचं मूळ एवढ्यातच होतं. प्रश्न लॅपटॉपचा राहिलाच नव्हता. काकांच्या हातांचा निकाल लागत होता, आणि पुरावा म्हणून तो मोडका लॅपटॉप टेबलावर पडला होता.

काचवाले काका मिसरूड फुटायच्या आधी काचेच्या धंद्यात आले. पहिल्या मालकानं त्यांना काच कापायला शिकवली नाही, आधी धरायला शिकवली. काच आडवी धरली तर स्वतःच्याच वजनानं मोडते, उभी धरायची. बोटांनी आवळायची नाही, तळव्यांवर तोलायची. घोंगडी अंथरलेल्या टेबलावर ती झोपवायची कशी आणि उठवायची कशी, हे जमल्यावर मग काच कापायची हिऱ्याची कलम हातात आली. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. खिडक्यांची तावदानं, टेबलांवरच्या काचा, तसबिरी, कपाटांचे आरसे. कुणाच्या घरी मोठी काच हलवायची असली की काकांना बोलावणं यायचं, नुसतं धरायला. "काका, तुम्ही एका बाजूनं असलात की धडधडत नाही," असं लोक म्हणायचे.

मालकानं आणखी एक गोष्ट शिकवली होती. काच फुटली की ज्याच्या हातात असेल त्यानं त्याच क्षणी म्हणायचं, "माझ्या हातून." पुढे "पण" नाही, "कारण" नाही. दोघांनी धरलेली असली तरी ज्याला आधी सुचेल त्यानं म्हणून मोकळं व्हायचं. यात मोठेपणा बिठेपणा काही नव्हता. कुणाची चूक यावर माणसं वाद घालत उभी राहिली की कुणाचातरी पाय तुकड्यावर पडतो. एकानं पटकन दोष अंगावर घेतला की वाद तिथंच मिटतो आणि सगळे तुकडे उचलायला लागतात. धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. "माझ्या हातून" याचा अर्थ त्यांच्यात एवढाच की, चला, आता झाडू आणा.

घरातल्या माणसांना मात्र हे ठाऊक नव्हतं.

लॅपटॉप मोडला त्या दिवशी सुनेनं आतून सांगितलं, "बाबा, तेवढं लॅपटॉपचं झाकण लावता का? माझे हात पिठाचे आहेत." काकांनी सवयीप्रमाणे दोन्ही कोपऱ्यांना तळवे लावून झाकण खाली आणलं. अर्ध्यावर आलं आणि उजव्या बाजूला कट्‌कन आवाज झाला. पडदा विझला.

"काय झालं?" सून धावत आली.

"माझ्या हातून मोडला," काका म्हणाले.

चाळीसेक वर्षं जे तोंडातून आपसूक निघत होतं, ते निघालं. सुनेनं ते तसंच्या तसं मुलाला सांगितलं. मुलानं दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर, "कसं मोडलं?" असं विचारलं तेव्हा तसंच्या तसं लिहून दिलं, "वडिलांच्या हातून मोडला." खोटं कुणीच बोललं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. पार्ट यायचाय, असं सांगितलं गेलं. काका दोन-चार दिवसांआड चालत तिथं जात, टोकन घेत, बाकड्यावर बसत. काउंटरवरची बाई त्यांना ओळखायला लागली होती. लांबूनच मान हलवायची. नाही आला, आजोबा. काका माघारी फिरायचे.

आणि त्याच दिवसांत एक गोष्ट घडली, जी त्यांनी घरी सांगितली नाही. औषधाच्या दुकानदारानं टेबलासाठी काच सांगितली होती. साधं काम. काकांनी काच उचलली आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, पडली तर? हात क्षणभर थबकला. थबकलेल्या हातात काच राहत नाही. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी ते सवयीनं म्हणाले, "माझ्या हातून." मग स्वतःच झाडू आणला. त्यानंतर मुलगा, "हात वयानं जाणारच," असं म्हणाला की त्यांच्या तोंडून उलट शब्द निघत नसे. मुलगा कदाचित खरंच बोलत असेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं. माणसाला बाहेरच्यांशी भांडता येतं. स्वतःच्याच हातांचा भरवसा उडाल्यावर भांडायचं कुणाशी?

मुलगा कामावर गेला. सून आत मोबाईलवर कुणाची तरी बोलणी खात होती, "हो मॅडम, आज देते, नक्की देते." काकांनी लॅपटॉप खोक्यात घातला, खोका उभा धरला आणि बाहेर पडले.

दुरुस्तीच्या दुकानात नेहमीसारखी गर्दी होती. थंड हवेचं यंत्र गुरगुरत होतं. काका बाकड्यावर खोका मांडीवर घेऊन बसले. शेजारी एक बाई येऊन बसली, कॉलेजात शिकवणारी असावी, खांद्यावरच्या पिशवीतून उत्तरपत्रिका डोकावत होत्या. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. तोच रंग, तीच बनावट. झाकण उजवीकडे लोंबकळलेलं.

काकांनी बराच वेळ बघितलं. शेवटी राहवलं नाही.

"तुमचाही उजवाच कोपरा?"

"हो ना. आधी टकटक वाजायचा. मग काल कट्‌कन गेला."

"तुमच्या हातून?"

"माझ्या हातून कशाला? मी नुसतं झाकण लावत होते."

"म्हणजे हातात तुमच्याच होता."

"हातात होता म्हणून मी मोडला का, आजोबा?" ती हसली. "मी काय पैलवान आहे? आणि तुमचा हो?"

"माझा..." काका अडखळले. "सुनेचा आहे."

"सुनेनं मोडला होय! मग तर तुमची चंगळ. आता वर्षभर ऐकवा तिला."

काकांना हसू आलं नाही. तिचा नंबर लागला. काउंटरवर ती फाडफाड बोलली, "टेबलावर होता, बिजागर निघालं, मी काहीएक केलेलं नाही." काउंटरवरच्या बाईनं कोपऱ्याचा फोटो काढला, टकटक टाइप केलं आणि म्हणाली, "ठीक आहे मॅडम, मोफत होऊन जाईल. पार्टला वेळ लागतोय, वाट बघावी लागेल." बस्स. एवढंच.

काकांनी आपल्या खोक्याकडे बघितलं. मग दाराकडे. दाराबाहेर पायरीवर आतला एक कारागीर कपाळावरचा छोटा दिवा वर सरकवून चहा पीत होता. काका त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. खोका उघडून कोपरा दाखवला.

"एक विचारू का? हे बिजागर असं का मोडतं?"

कारागिरानं एक नजर टाकली. वाकूनही बघितलं नाही. "या मॉडेलचं मोडतंच, आजोबा. आतला स्क्रू नुसत्या प्लॅस्टिकमध्ये धरलाय. रोज उघडझाक केली की वर्षा-दीड वर्षात निसटतो. राजा असो की भिकारी, कुणाच्याही हातात मोडणार."

"तुम्हाला माहिती आहे हे?"

"आम्हाला माहिती आहे, कंपनीला माहिती आहे. वरून सूचनाच आलीय, असा आला तर फुकट करून द्या. गवगवा मात्र करायचा नाही." त्यानं चहाचा घोट घेतला. "तुमचा कसा काय परत आला?"

काकांनी चिठ्ठी दाखवली.

"ग्राहकाची हाताळणी. म्हणजे तुम्ही काहीतरी सांगितलंत. पडला, आदळला, असलं काहीतरी."

"माझ्या हातून मोडला, असं सांगितलं."

कारागीर हसायला लागला. वाईट हसू नव्हतं ते, पण काकांच्या काळजावर ओरखडा उठला. "अहो आजोबा! कुणी विचारलं होतं तुम्हाला? गप्प बसला असतात तर एव्हाना दुरुस्त होऊन घरी आला असता. इथं जो येतो तो, मी नाही, मी नाही, करत येतो, आणि तुम्ही हरिश्चंद्र निघालात!"

"आता सांगितलं तर?"

"आता काय. एकदा कबूल केलेलं यंत्रात चढलं की आमच्या बापालाही बदलता येत नाही." त्यानं कप झटकला, दिवा कपाळावर ओढला आणि आत गेला. जाता जाता काकांच्या दंडाला हात लावून म्हणाला, "सांभाळून जा हो, पायरी आहे."

काका पायरीवरच बसले. मांडीवर खोका. रस्त्यावरून माणसं जात-येत होती. त्यांना औषधवाल्याची ती काच आठवली. ती का पडली, ते आता त्यांना लख्ख दिसत होतं. त्या काचेचा दोष नव्हता, हातांचाही नव्हता. एका स्क्रूपायी घरानं त्यांचे हात बाद केले, आणि घरावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःच ते बाद केले. हे शब्द शिकवणाऱ्या मालकाचा राग येईना. मुलाचा येईना. मुलानं तेच ऐकलं जे बापानं सांगितलं. आयुष्यभर ज्या दोन शब्दांनी भांडणं मिटवली, त्या दोन शब्दांनीच त्यांना बुडवलं होतं, आणि तेही अशा ठिकाणी, जिथं झाडायला एक तुकडासुद्धा पडला नव्हता. तोंडात असा कडूपणा आला की ते थुंकायला उठले, आणि समोर शाळेची पोरं बघून गिळून बसले.

घरी जाऊन हे सांगितलं असतं तर? त्यांनी मनातल्या मनात सांगून पाहिलं. "अरे, तो आपोआपच मोडतो म्हणे." मुलगा म्हणेल, "हो, बाबा." तो "हो, बाबा" कसा म्हणेल, तेही त्यांना ऐकू आलं. भिंतीला आरसा ठोकताना बोलला होता तसाच, प्रेमानं. आधी कबूल झालेला म्हातारा दुकान जायच्या दिवशी नाही म्हणायला लागला, यावर कोण विश्वास ठेवेल? त्यांनी स्वतः ठेवला नसता.

ते उठले, आत गेले. टोकन न घेता सरळ काउंटरपाशी.

"आजोबा, नंबरानं," बाई म्हणाली. मग खोका बघून तिचा चेहरा पडला. "परत आला ना? मी बघितलं होतं नोंदीत. मला वाईट वाटलं, पण माझ्या हातात काही नाही हो."

"तुमच्या मागे जो दिवा लावून बसलाय, तो म्हणाला, हे मॉडेल मोडतंच."

बाईनं चटकन मागे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "तो जरा जास्तच बोलतो. आजोबा, खरं सांगू? तुमचं आधीचं लिहिलेलं मला बदलता येणार नाही. तुम्ही चिडा, ओरडा, साहेबांना बोलवा, पण येणार नाही. साहेब आले की मलाच झापतील."

"मी चिडलो नाही, ताई."

"मग?"

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. एक जण म्हणाला, "काका, लवकर आटपा, सगळ्यांना कामं आहेत." काकांनी वळून पाहिलं नाही. खोक्यातून लॅपटॉप काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. दोन्ही तळव्यांवर तोलून, उभा आणला आणि अलगद झोपवला, आवाजसुद्धा झाला नाही. बाई त्यांच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांना जरासा कंपही नव्हता.

"हा फुकट करू नका," काका म्हणाले. "जे काय लागेल ते घ्या, मी देतो. सुनेचं काम अडलंय, तेवढा लवकर करून द्या."

बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पैसे देणारं गिऱ्हाईक म्हणजे यंत्रात सरळ बसणारं गिऱ्हाईक. "असं म्हणता? मग काही अडचणच नाही. वाट बघावी लागेल, पण करून देऊ. इथं सही करा."

काकांनी सही केली. पण ते हलले नाहीत.

"आणखी काही?" बाईनं विचारलं.

"हा माझ्या मुलाचा नंबर. माझे हात गेले म्हणून संध्याकाळी तो माझं दुकान दुसऱ्याला देतोय." काकांनी मुलाचा नंबर तिच्या पुढ्यातल्या कागदावर लिहिला. "साहेबांना कळू देऊ नका, कुठं लिहूही नका. फक्त त्याला एक फोन लावा आणि सांगा की हे लॅपटॉप कुणाच्याही हातात मोडतात."